नऊ दिवसांची बाटली

आमच्या खिडकीवर दिवसाआड एक तरी माणूस भांडायला येतो, आणि भांडण रक्तावरूनच असतं. “आधीच पोरीच्या अंगात रक्त न्हाई, आन तुमी एवढं वढून घेतलं. इकता का काय?” मी परभणीतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये बावीस वर्षं नोकरी करते, आणि मला चढायला वेळ लागत नाही. “इकत न्हाई, पेरते,” असं मी सांगते. मग तो माणूस आणखीच हबकतो आणि मला जरा बरं वाटतं.

पण सांगते ते खोटं नाही. ताप उतरत नाही, मलेरिया निघत नाही, दुसरं काही सापडत नाही, अशा वेळी डॉक्टर रक्ताचं कल्चर सांगतात. रक्तात एखादा जंतू जिवंत फिरतोय का, ते बघायचं असतं. थेट मायक्रोस्कोपखाली बघून उपयोग नसतो, कारण असलेच तर फार थोडे असतात. म्हणून एका बाटलीत मांसाच्या अर्काचं पिवळसर पाणी असतं, त्यात रक्त सोडायचं, बाटली अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात ठेवायची आणि वाट बघायची. जंतू असला तर खातो, वाढतो, आणि वरचं निवळ पाणी गढूळ होतं. मग त्यातला थेंब जेलीच्या ताटलीवर ओढायचा. त्यावर ठिपके उगवतात. ते ठिपके कुणाचे, आणि कुठल्या औषधानं मरतात, ते शोधायचं. सगळं गणित जंतू जिता असण्यावर चालतं. मेलेला जंतू आम्हाला काही सांगत नाही.

लोकांना हे पटवता पटवता मी बेजार होते. पालमहून एक गृहस्थ भावाच्या कल्चरची बाटली घेऊन आले, ती बर्फात घालून. लसीचे डबे बर्फात येतात, मग रक्तही बर्फातच आणायला पाहिजे, असा त्यांचा हिशेब. सबंध एसटीभर डबा मांडीवर घेऊन बसले होते बिचारे. मी त्यांना म्हणाले, “काका, जंतू वाढवायचाय का गोठवायचाय?” ते ओशाळले. आमच्या साहेबांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की, बाई, तुमच्या हाताला यश आहे, जबान तेवढी आवरा. साहेब म्हणजे आमच्या लॅबचे डॉक्टर. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत, त्यामुळं मी ऐकून घेते आणि विसरते.

तर त्या दोघी आल्या त्या दिवशीही जबान अशीच सुटली. राणीसावरगावकडच्या एका वस्तीवरून आल्या होत्या, पहाटेची गाडी धरून. सून विशीतली, चार महिन्यांची गरोदर, दीड महिना ताप. संध्याकाळ झाली की थंडी भरायची, रात्रभर घाम, कंबर धरलेली. गावाकडच्या डॉक्टरनं टायफॉईड म्हणून सुया दिल्या होत्या. सुई चालू असली की ताप जरा दबायचा, थांबली की पुन्हा यायचा. आमच्याकडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला दाखल करून घेतलं आणि कल्चर सांगितलं. त्यांना काळजी वेगळीच होती. त्यांनी माझ्या चिठ्ठीवर लाल पेनानं लिहिलं होतं: ताप लवकर सापडला नाही तर पोट राहणार नाही.

सासूच्या खांद्यावर काळं घोंगडं होतं. भर उन्हाळ्यात. मी ते बघितलं, आणि ही बाई उकाड्यात हे कशाला वागवायलीय, एवढंच माझ्या मनात आलं. आज मला स्वतःच्या डोळ्यांची कीव येते. झरीसारख्या गावात मी वाढले, घोंगडं कुणाच्या खांद्यावर असतं हे मला शिकवायला नको होतं.

सुनेला स्टुलावर बसवलं. कल्चरचं रक्त घेताना कातडी नीट साफ करावी लागते, नाहीतर कातडीवरचे जंतू बाटलीत जातात आणि सगळा घोटाळा होतो. स्पिरिट लावायचं, मग आयोडीन, आणि मग ते वाळेपर्यंत हात न लावता थांबायचं. त्या थांबण्यात मी फॉर्म भरते. नाव, गाव, तापाचे दिवस, घेतलेली औषधं, आधीचं काही. सून खाली मान घालून बसली होती. डाव्या हाताच्या अंगठ्याजवळ खरचटलेल्याची जुनी खूण होती. मी विचारलं, “ताप नेमका कवापासून?”

सासू दारातूनच बोलली. “दोन खेपा गाभडली बगा. तवाधरनं सुरू हाय हे.”

परक्या मुलखातल्या माणसासाठी सांगते. आमच्याकडं गाय, म्हैस, शेळी दिवस भरायच्या आत टाकते तेव्हा गाभडली म्हणतात. बाईला म्हणत नाहीत. म्हणलं तर ती शिवी होते. बाईचं पोट पडतं, बाईचं वाया जातं, आणि बरीच माणसं तर नुसतं ‘तसं झालं’ म्हणून थांबतात.

माझंही एकदा तसं झालं होतं. अकराव्या आठवड्यात. मी अंथरुणात पडलेली, आणि माझी चुलत सासू अंगणात शेजारणीला हाच शब्द सांगत होती, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पुढं मला दोन लेकरं झाली, ती मोठी झाली, चुलत सासू वारली. तरी तो शब्द कानावर आला की माझ्या अंगाची लाही होते.

मी पेन आपटलं. “ओ मावशी! त्वांड सांभाळा. बाई हाय का जनावर हाय ती? माणसासाठी शब्द न्हाईत का तुमच्याकडं?”

“न्हाई म्याडम, म्या म्हणायले...”

“काय म्हणायल्या ते आयकलं मी. लेकीला असं म्हणल्या असत्या का? दवाखाना हाय हा. असलं जनावरासारखं बोलणं इथं चालणार न्हाई. जा, बाहेर बसा.”

रांगेतली माणसं बघायला लागली.  सासूनं घोंगडं छातीशी धरलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. सुनेनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ओठ कोरडे पडलेले, तरी थोडीशी हसली. मला लय बरं वाटलं, कशाला खोटं सांगू. मग मी फॉर्मवर, आधीच्या आजारांच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात लिहिलं: पूर्वी दोन गर्भपात. शिरेत सुई घातली, दोन्ही हातांतून रक्त घेतलं, बाटल्यांत सोडलं. एक नळी साधी भरली, टायफॉईडची चाचणी पुन्हा करायची होती म्हणून. बाटल्या उबेच्या कपाटात ठेवल्या. इथवर माझ्या हातानं सगळं नीट केलं.

दुसऱ्या दिवशी पाणी निवळ होतं. मी बाटली खिडकीच्या उजेडात धरते, मागं छापील कागद ठेवते आणि पाण्यातून अक्षरं वाचते. अक्षरं फिसकटली तर आत काहीतरी आहे. एकही अक्षर फिसकटलं नव्हतं.

फॉर्मवरचे ते तीन शब्द मात्र कामाला लागले. दोन गर्भपात झालेली बाई तिसऱ्यांदा गरोदर आहे म्हटल्यावर डॉक्टरीणबाई त्या वाटेनं शोधायला लागल्या. पोट वारंवार पडण्याची कारणं असतात, त्यांच्या वेगळ्या तपासण्या असतात. ते रक्त बाहेरगावी पाठवायचं ठरलं, पाठवलं. तापाची टायफॉईडची औषधं चालूच होती. कुणी चुकत नव्हतं. कागदावर जे होतं त्याच्याशी सगळे इमानानं वागत होते, सुनेला पुन्हा कुणी विचारलं नाही.

सासू रोज दहाच्या सुमारास खिडकीशी येऊन उभी राहायची. आत यायची नाही. “उगवलं का वो म्याडम?” एवढंच विचारायची. पेरणीचा शब्द तिला माझ्याकडूनच कळला असणार, कुणाला तरी सांगताना ऐकला असेल. मी मान न वळवता “न्हाई” म्हणायची. ती “बरं” म्हणून जायची. मी तिच्याशी सरळ बोललेच नाही. राग धरायची मला खोड आहे, आणि तो राग मला चांगुलपणा वाटत होता.

तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्यांदा रक्त घ्यायला वॉर्डात गेले, तेव्हा डॉक्टरीणबाई तिथंच होत्या. सून सोनोग्राफीला नेलेली, सासू एकटी खाटेपाशी. बाईंनी सासूला सरळ विचारलं, “घरी जनावरं आहेत का? शेळ्या, मेंढ्या? कच्चं दूध पिता का?” म्हणजे त्यांनी विचारलं. हे मला मुद्दाम लिहायचंय. त्यांचं डोकं त्या दिशेला गेलं होतं.

सासूनं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, “न्हाई जी. जनावरांचं काय न्हाई.”

तिनं माझ्याकडं का बघितलं, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. उलट वाटलं, चांगला धाक बसलाय. सुनेची चाकाची गाडी परत येईपर्यंत मी तिथंच थांबले, रक्त घेतलं, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत जिना उतरले.

चौथा दिवस निवळ. पाचवा निवळ. आमच्याकडं पाच दिवसांचा नियम आहे. पाच दिवसांत काही उगवलं नाही तर ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट द्यायचा आणि बाटली ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या वाफेच्या कुकरमध्ये, उकडून फेकायची. मी रिपोर्ट दिला. बाटली फेकली नाही. त्याचं श्रेय मला कुणी देऊ नये. कुकर पुरता भरला नव्हता, अर्ध्या भाराला चालवला तर वीज वाया जाते म्हणून आमच्यात बडबड होते, तेवढ्यासाठी त्या बाटल्या कपाटातच राहिल्या.

सहाव्या दिवशी सासू आली आणि “उगवलं का” असं विचारलं. मी म्हणाले, “मावशी, रिपोर्ट गेला वर. काही उगवलं न्हाई. आता रोज येऊ नका.” ती थोडा वेळ उभी राहिली. काहीतरी बोलायचं होतं तिला, ते दिसत होतं. मी ताटल्या धुवायला वळले.

सातव्या दिवशी कुकर भरला. बाटल्या काढल्या, तर सवयीनं हात खिडकीकडं गेला. कागदावरची अक्षरं दिसत होती, पण पावसाळी काचेतून बघावं तशी. फिसकटली म्हणावं असंही नाही. मी चष्मा पुसला आणि दुसऱ्या हातातल्या बाटलीशी लावून बघितलं. तीही तशीच. थेंब काढून रंगवला, मायक्रोस्कोपखाली धरला. सांडलेली बारीक रेती असते तसलं काहीतरी लालसर, इतकं लहान की रंगाचा गाळ वाटावा. साहेबांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ नळीला डोळा लावला आणि म्हणाले, “ताटलीवर घ्या. उघड्यावर नाही, पेटीत. आणि वास घेऊ नका.” जुन्या माणसांना ताटलीचा वास घेऊन जंतू ओळखायची खोड असते. मलाही होती. साहेबांचा चेहरा बघून मी तोंडाला मास्क लावला, काचेच्या पेटीत हात घालून थेंब ताटलीवर ओढला आणि झाकणाला चारी बाजूंनी टेप मारली. त्यांनी नाव घेतलं नाही, मीही विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला की, आधीचा रिपोर्ट धरू नका, काहीतरी आहे, दोन दिवस द्या.

आठव्या दिवशी सकाळी सुनेचं पोट पडलं.

मला ते वॉर्डातल्या आयाबाईकडून कळलं, चहा पिताना. मी चहा संपवला. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला रोज असं काहीतरी कळतं, प्रत्येकाला रडत बसलं तर नोकरी होत नाही. पण त्या दिवशी सासू खिडकीवर आली नाही, आणि दहा वाजून गेले तरी माझं लक्ष तिकडंच.

नवव्या दिवशी ताटलीवर दवासारखे ठिपके होते, टाचणीच्या टोकाहून लहान. त्यातला एक युरियाच्या नळीत सोडला. नळी बघता बघता गुलाबी झाली. साहेब शांतपणे म्हणाले, “शेळ्या-मेंढ्यांचा ताप. ब्रुसेला.” शेळी-मेंढीत हा जंतू शिरला की त्यांचे गाभ पडतात. माणसाला तो कच्च्या दुधातून होतो, नाहीतर पडलेला गाभ उघड्या हातानं ओढला तर. बाईमाणूस गरोदर असली तर तिचंही पोट पडू शकतं. साहेबांना कोडं पडलं होतं ते वेगळंच. “पण यांच्याकडे जनावरं नाहीत ना? डॉक्टरीणबाईंनी तसं लिहिलंय.”

मी ताडकन उठले. जिना चढून वर गेले. सासू वॉर्डाच्या बाहेर भिंतीला टेकून बसली होती, घोंगडं पायावर. मी तिच्यापुढं उकिडवी बसले. “मावशी, खरं सांगा. घरी शेळ्या हायत का?”

तिनं घोंगड्याची कड मुठीत धरली.

“मावशी, मी पाया पडते. सांगा.”

“इथं जनावराचं बोललं तर चालतं का आता?” ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती. तिची समजूत अशी झाली होती की दवाखान्यात जनावराचं नाव काढायचं नसतं. विटाळ असेल, कायदा असेल, मोठ्या लोकांची काहीतरी रीत असेल. पहिल्याच दिवशी भर रांगेत तिला ते सुनावलं गेलं होतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तिनं आधी माझ्याकडं बघितलं, आणि मी उभी आहे म्हटल्यावर नाही म्हणाली.

“चालतं,” मी म्हणाले. “बोला.”

“पयल्याच दिशी सांगितलं की तुमाला. बांडी आमची, दोन खेपा गाभडली. मागल्या खेपंला आडलं तर हिनंच हातानं वढून काढलं. मेलेलं पिल्लू. हाताला खरचटलं व्हतं हिच्या. तवाधरनं ताप सुरू हाय. आन एक न्हाई, चार शेळ्या गाभडल्या आमच्या औंदा.”

“सुनेचं आधी कधी...”

“काय बोलता! पयलटकरीण हाय ती.”

मराठीत कर्ता नसला तरी वाक्य अडत नाही. दोन खेपा गाभडली. कोण, ते तिच्या डोळ्यांपुढं होतं. बांडी शेळी, गोठ्यात बांधलेली. माझ्या डोळ्यांपुढं मी होते.

खाली आले. साहेबांना सगळं सांगितलं, फॉर्म काढला आणि ‘पूर्वी दोन गर्भपात’ यावर रेघ मारून खाली सही केली. साहेबांनी ती रेघ बघितली आणि फॉर्म परत दिला. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी ओळखीच्या एका जनावरांच्या डॉक्टरकडून गुलाबी औषधाची छोटी बाटली मागवली. या आजाराची एक साधी चाचणी असते. रक्तातलं पाणी एक थेंब, ते औषध एक थेंब, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर काडीनं मिसळायचं आणि हलवत राहायचं. आजार असला तर चार मिनिटांत दाणे धरतात.

मी तिच्या ताज्या रक्ताची चाचणी केली. दाणे धरले. मग मी फ्रीज उघडला. पहिल्या दिवशीची ती साधी नळी, टायफॉईडसाठी घेतलेली, अजून तिथं होती. उरलेलं रक्त काही दिवस ठेवायची आमची पद्धत आहे. साहेब म्हणाले, “कशाला?” मी म्हणाले, “बघू तरी द्या.” एक थेंब, एक थेंब, काडी. चार मिनिटंही लागली नाहीत.

म्हणजे पहिल्याच दिवशी, ती बाई दारात उभी राहून सांगत होती तेव्हा, मी नुसतं “कोण गाभडली?” एवढं विचारलं असतं, तर दुपारच्या आत निदान झालं असतं. संध्याकाळी औषध चालू झालं असतं. पोट वाचलं असतं का, हे मी डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, वाचलंही असतं.  मी फरशीचा तुकडा धुतला, पुसला आणि वर गेले.

आधी सासूची माफी मागितली. ती म्हणाली, “माफीचं राहू द्या म्याडम. गोळ्या कवा सुरू व्हत्यात ते सांगा.” बरोबर बोलली. मी गोळ्या आणायला गेले.

मग सुनेकडं गेले. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला बघितल्यावर उठायला लागली. मी म्हणाले, झोप. गोळ्या आणल्या होत्या, त्या टेबलावर ठेवल्या आणि खाटेच्या कडेला बसले. ठरवून गेले होते की सगळं सांगायचं. तोंडावर बोलणारी बाई अशी माझी ख्याती आहे, तर आता स्वतःबद्दलही तोंडावर बोलावं.

“त्या दिवशी मी तुझ्या सासूला ओरडले ना,” मी सुरुवात केली, “त्या तुझ्याबद्दल वाईट बोलत नव्हत्या. शेळीचं सांगत होत्या. चूक माझी. मी आयकून घेतलं न्हाई.”

ती म्हणाली, “मला म्हाईत हाय.”

“काय?”

“आत्या बांडीचंच बोलायल्या व्हत्या. मला तवाच कळलं व्हतं.” ती चादरीचा धागा ओढत होती. “पण तुमी माझ्यासाठी भांडायल्या व्हत्या. आजपातर माझ्यासाठी असं कुणीच भांडलं न्हाई म्याडम. म्हणलं, असू द्या. आयकू द्या त्यांला बी जरा. बरं वाटायलं व्हतं मला.”

मी चादर तिच्या पायावर सारखी केली.

तिनं आणखी थोडा धागा ओढला. मग धागा सोडला आणि माझ्याकडं सरळ बघितलं. “का वो? म्या तवाच सांगाया पायजे व्हतं का? सांगितलं असतं तर...”

“न्हाई,” मी म्हणाले.

“खरं?”

“तू बोलली असतीस तरी मी आयकलं नसतं. माझं डोकंच फिरलं होतं त्या टायमाला. तुझ्या सासूला घालवलं तसं तुलाही गप्प केलं असतं.”

ऐकलं असतं. तिनं एक शब्द काढला असता, आत्या शेळीचं म्हणतायत एवढाच, तर मी पेन खाली ठेवून ऐकलं असतं, हसले असते, आणि पुढचा प्रश्न विचारला असता.

तिनं मान हलवली. तिला पटलं असं दिसलं. मी गोळ्यांची पाकिटं हातात घेतली आणि तिला समजावून सांगितलं, ही सकाळी उपाशीपोटी, ही जेवणानंतर दोन वेळा, सहा आठवडे, ताप गेला तरी थांबायचं नाही, लघवी लाल होईल तर घाबरायचं नाही. तिनं बोटांवर मोजत सगळं मला परत म्हणून दाखवलं. एकही चुकलं नाही.